थोरल्याचा सदरा, धाकट्याच्या अंगावर

इतिहासात कपडा येतो तो बहुधा दरबारातला. जरीचा जामा, शालजोडी, मंदील, किंवा सातारच्या छत्रपतींनी दिलेली पेशवाईची वस्त्रे. घरातल्या दांडीवर वाळत पडलेला थोरल्या मुलाचा सदरा पुढल्या साली मधल्याच्या आणि त्याच्या पुढल्या साली धाकट्याच्या अंगात जायचा असतो. त्याची दखल मात्र कोणत्याही बखरीत नाही. आणि गंमत पाहा, दरबारी वस्त्रांचा उगमही तिथलाच आहे. मानाचा पोशाख या अर्थी आपण ‘खिलत’ म्हणतो, तो शब्द अरबी. त्याच्या मुळाशी ‘अंगावरून उतरवणे’ असा अर्थ आहे. सुलतान आपल्या अंगावरचे वस्त्र उतरवून मर्जीतल्या माणसाला देई आणि तो ते डोक्याला लावून घेई. म्हणजे उतरलेला कपडा कधी मानाचा होतो आणि कधी अपमानाचा. कोण देतो, कोणाला देतो आणि कोणत्या हाताने देतो, यावर ते ठरते. आजचे बोलणे आहे ते या गोष्टीविषयी, आणि शक्य तितके आपल्या गोंडपिपरीकडच्या मुलुखाला धरून.

चंद्रपुराहून बल्लारपूर, कोठारी करत आष्टीकडे निघाले की वाटेत गोंडपिपरी लागते. एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला वैनगंगा; दोघी खाली एक होतात आणि प्राणहिता या नावाने पुढे जातात. नदीपलीकडे तेलुगू मुलूख. वैनगंगेपलीकडचा भाग १९८२ साली गडचिरोली जिल्ह्यात गेला. त्याआधी हे सारे एकाच चांदा जिल्ह्याचे. धान, थोडा कापूस, जवस, मोहफूल आणि उन्हाळ्यात तेंदूपाने, यांवर घर चालवणारी इथली माणसे. रोख पैसा वर्षातून दोन-तीनदाच हाती यायचा. तेव्हा कपडा घ्यायचा तोही वर्षातून एकदा, फार तर दोनदा: आठवडी बाजारात, मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत, नाहीतर धाब्याला कोंडय्या महाराजांच्या यात्रेत.

जुन्या काळी चांदा जिल्हा कापडासाठी नावाजलेला होता. जाडेभरडे, टिकाऊ सुती कापड महार विणकर विणीत; बारीक, रेशीमकाठी कापड कोष्ट्यांच्या मागावर निघे; आणि जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर ढिवर मंडळी टसराचे कोसे वाढवीत. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचे सूत, आणि मागाहून गिरणीचे मांजरपाट, बैलगाडीने खेड्यापाड्यांत पोचले. घरचा चरखा हळूहळू माळ्यावर गेला.

तुम्ही म्हणाल, त्या काळी उतरलेले कपडे वापरून आईबाप पैसे वाचवीतच असतील. वाचवीत होते, पण आपण समजतो त्या रीतीने नव्हे. कारण साधे आहे. लहान मुलाला शिवलेला कपडा असा मुळी नव्हताच. कमरेला करदोडा, थोडे मोठे झाल्यावर लंगोटी, थंडीत आईच्या लुगड्याचा पदर. चार-पाच वर्षांचे होईपर्यंत मुलगा तसाच हुंदडायचा आणि त्यात कुणाला गैर वाटत नसे. कपडा मुलाकडून मुलाकडे जात नव्हता. तो आईकडून मुलाकडे येत होता.

हा प्रवास सावकाश पाहण्यासारखा आहे. नऊवारी लुगडे प्रथम सणासुदीला नेसायचे, मग रोजचे व्हायचे. विरू लागले की दोन लुगड्यांचे धड भाग काढून दांड भरायचा. दांडाचे लुगडे आणखी वर्षभर निघे. दांडही झिजला की ते जुनेर झाले. जुनेराच्या बऱ्या तुकड्यातून पोरीचा परकर, उरल्यातून झबले, कुंची, टोपडे. त्याहून मऊ झालेल्या भागाचे दुपटे आणि लंगोट. काही थर एकावर एक घालून गोधडी. गोधडीतही न बसणाऱ्या चिंध्यांची, पाण्याची घागर डोक्यावर घ्यायला चुंभळ. आणि सर्वांत शेवटी चुलीपुढचे पोतेरे. एका लुगड्याची दहा-बारा वर्षे अशी निघत. यात बाळाच्या वाट्याला जुने कापड आले ते गरिबीने आले असे समजू नका. कोऱ्या कापडाला खळ असते, ते खरखरते. बाळाच्या नाजूक कातडीला शेकडो वेळा धुतलेले जुनेरच मानवते. चांगल्या खात्यापित्या घरातही बाळंतिणीच्या तयारीत आजी आधी जुनी लुगडी बाजूला काढून ठेवीत असे.

याला दुसरीही एक बाजू होती, आणि ती दुःखाची होती. ज्या घरी मुले जगत नसत, त्या घरी नव्या बाळाला मुद्दाम शेजारच्या घरांतून मागून आणलेले जुने कपडे घालीत. नाव ठेवीत भिकू, दगडू, धोंडू. हे लेकरू कुणाला नको आहे, परक्याच्या चिंध्यांत वाढते आहे, अशी काळाची फसवणूक करायची. अंधश्रद्धा खरी, पण त्या आईने शेजारणीच्या दारी जाऊन झबले मागितले, तेव्हा शेजारणीने ते निवडून, धुऊन दिले असेल हेही खरे. ज्याची मुले धडधाकट आहेत त्याच्याच घरचे झबले मागायचे, अशी रीत होती. म्हणजे उतरलेल्या कपड्यातून भाग्य उतरते असा त्यामागचा भाव.

मग शाळा आली, आणि शिंप्याच्या घरी शिलाईचे यंत्र आले. खरा फरक या दोघांनी केला. शाळेत करदोड्यावर जाता येत नाही. सदरा हवा, चड्डी हवी, पोरीला परकर-पोलके हवे. आणि शिवलेला कपडा मापाचा असतो. लुगडे कुणालाही होते, सदरा होत नाही. मूल वाढते, सदरा वाढत नाही. म्हणूनच थोरल्याकडून धाकट्याकडे जाणारा कपडा ही रीत दिसते तितकी प्राचीन नाही. खेड्यापाड्यांत ती शाळेच्या घंटेबरोबर आली असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या बायकांनी यावर तोडही लगेच काढली. शिंप्याला सांगायचे, ‘वाढत्या अंगाचा शिव.’ बाह्यांना आत दुमड, परकराला खाली दोन-तीन आडव्या चुण्या, चड्डीला मागे जादा माया. दर वर्षी एक टीप उसवायची, कपडा बोटभर लांब. उसवलेल्या जागी जुना गडद पट्टा दिसायचा, कारण आतले कापड उन्हाने उडालेले नसे. त्या पट्ट्यांवरून परकर किती वर्षांचा आहे ते शाळेतल्या साऱ्या पोरी ओळखीत. सदऱ्याची कॉलर मानेला विरली की शिंपी ती उसवून उलटी लावून देई. हे कसब आता दुर्मिळ झाले.

आणि धाकट्याचे काय? त्याचे गाऱ्हाणे तर घरोघरी सारखेच. आमच्याकडच्या बोलीत ऐकायचे तर, ‘माय, मले नवा काहून नाही?’ आणि मायचे उत्तर ठरलेले: ‘दादाले लहान झाला, तुले बराबर होते.’ व्यवहार म्हणून उत्तर बिनतोड आहे. पण त्या पोराला दोन गोष्टी टोचत असतात. एक, सदरा जुना आहे. दुसरी, तो दादाचा आहे, म्हणजे शाळेत सगळ्यांनी तो आधीच पाहिलेला आहे. शहाण्या आया यावर एक लहानशी युक्ती करीत. दिवाळीला का होईना, एक तरी वस्तू धाकट्याची स्वतःची, कोरी: टोपी, बनियन, नाहीतर नुसती नवी बटणे. कोऱ्या टोपीला कुंकवाचे बोट लागले की जुन्या सदऱ्याचा राग निम्मा उतरे. ही युक्ती कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही, पण ज्याने धाकटेपण भोगले आहे त्याला तिची किंमत ठाऊक आहे.

आता पायांकडे येऊ. जोड्याचा हिशेब निराळा. बापाचा जोडा मुलाच्या पायात येऊ लागला की त्याच्याशी मित्रासारखे वागावे, असे आपल्याकडे म्हणतात. पण ते मोठ्या मुलांविषयी. रामायणात थोरल्या भावाच्या पादुका धाकट्याला मिळाल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. भरताने त्या पायात घातल्या नाहीत, सिंहासनावर ठेवल्या. पायांच्या दृष्टीने ते योग्यच झाले म्हणायचे! सदरा धुतला, इस्त्री केला की पहिल्या मालकाची आठवण जाते. जोड्याची जात नाही. चामडे पायाचा आकार घेते. थोरला आतल्या अंगाने टाच घासत चालत असेल तर जोडा तसा झिजतो, आणि धाकटा त्यात पाय घालून त्याच वाकड्या चालीने चालू लागतो. पुढे कापसाचा बोळा कोंबून मोठा जोडा घालायला लावणे, हाही तसाच प्रकार. पायाला खरूज किंवा बोटांत चिखल्या झाल्या असतील तर तीही वारशाने येते.

तरी पण अनवाणी राहण्यापेक्षा उतरलेला जोडा बरा, हे जंगलमुलखात विसरून चालणार नाही. अंकुशकृमी ओल्या, घाण झालेल्या मातीतून थेट तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त पितो. मूल फिकट पडते, अभ्यासात मागे राहते. आईबापांना वाटते, आळशी आहे. २०१५ पासून शाळा-अंगणवाड्यांतून जंतनाशक गोळी देण्याचा दिवस पाळतात, तो याच कारणाने. गोळी आतला कृमी मारते. नवा येऊ न देण्याचे काम वहाणेचे. पूर्वीची चामड्याची वहाण पावसाळा संपला की लाकडासारखी ताठ होई; तिला तेल पाजून मऊ करावे लागे. कोलकात्याजवळ बाटानगर वसले १९३४ साली. तिथून निघालेले कापडी-रबरी बूट बाजाराच्या गावापर्यंत येऊ लागले. नंतर प्लास्टिकच्या वहाणा आल्या. त्या चामड्याइतका पायाचा साचा धरीत नाहीत, धुता येतात, म्हणून दुसऱ्या मुलाला देण्यास त्या बऱ्या. घेणाराने एवढेच पाहावे: तळ एका अंगाने झिजला आहे का, आणि मुलाच्या अंगठ्यापुढे बोटभर जागा उरते का.

हे सारे झाले घरातल्या घरात. पण आपल्या इतिहासात उतरलेल्या कपड्याचा दुसरा एक प्रवाह आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवक शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे. त्याच अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. हे ग्रंथात राहिले असते तर गोष्ट निराळी. पण गावगाड्यात ते शेकडो वर्षे पाळले गेले. मढ्यावरचे कापड महाराच्या वाट्याचे. सणाला वाड्याच्या मागल्या दारी टाकलेले जुने धोतर, ते वरून हातात टाकायचे, हाताला हात लागू द्यायचा नाही. कित्येक गावांत पायात वहाण घालून वरच्या आळीतून जायची सोय नव्हती. आणि मघाशी मी सांगितलेच, की चांद्याचे जाडे, टिकाऊ कापड विणीत होते ते हेच महार विणकर. ज्याच्या मागावर कापड जन्मले, त्याच्या मुलाला ते मिळायचे ते दुसऱ्याच्या अंगावरून उतरल्यावर.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, हे आपण शाळेत शिकतो. त्याच दिवसांत बाबासाहेब तिथे जमलेल्या स्त्रियांशी बोलले, ते भाषण आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे. लुगडे इतर स्त्रिया नेसतात तसे नेसा. त्याला ठिगळे असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असू द्या, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. बघा, ठिगळाला त्यांनी नावे ठेवली नाहीत. गरिबीची लाज त्यांनी धरायला सांगितली नाही. लाचारीची खूण तेवढी अंगावरून काढायला सांगितली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चांद्याला धम्मदीक्षा झाली. आसपासच्या खेड्यांतून माणसे आली ती पांढरी वस्त्रे नेसून. त्यांत नवे किती आणि घरी धुऊन पांढरे केलेले किती, हे कोण मोजणार? पण ते स्वतःचे होते.

म्हणून कोणी सहज म्हणाले, ‘आमच्या मुलांचे जुने कपडे आहेत, कामवाल्या बाईच्या पोरांना देऊन टाकू’, तर त्या बाईच्या चेहऱ्यावर क्षणभर जे येते त्याला कृतघ्नपणा समजू नये. तिच्या आजीने मागल्या दारी उभे राहून घेतलेले धोतर त्या क्षणात असते.

मधल्या काळात एकदा असेही झाले की सगळेच, पैसेवाले आणि गरीब, जुन्या कपड्यावर आले. दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांचे कापड लष्कराकडे वळले, बाजारात माल दिसेना, भाव कडाडले. सरकारने जून १९४३ मध्ये कापड नियंत्रणाचा हुकूम काढला. कापडावर किंमत छापून येऊ लागली. गरिबांसाठी ‘स्टँडर्ड क्लॉथ’ नावाचे जाडे, स्वस्त कापड निघाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या सुरुवातीला नियंत्रण उठवले, तर भाव इतके चढले की त्याच वर्षी ते पुन्हा आणावे लागले. त्या दिवसांत जुनेराला काय मोल आले असेल याची कल्पना करा.

त्याच वेळी इंग्लंडातही १ जून १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांवर कूपन होते. सरकारने १९४३ साली जुने कपडे दुरुस्त करून वापरण्याची पुस्तिकाच काढली. पण त्यांची एक गोष्ट मला विशेष वाटते. तिथल्या स्त्रियांच्या स्वयंसेवक संघटनेने मुलांच्या कपड्यांची अदलाबदल केंद्रे काढली. आईने मुलाला लहान झालेला कोट किंवा बूट आणायचे, त्याचे गुण मिळायचे, आणि तेवढ्या गुणांत दुसऱ्या मुलाचा मोठा कोट घेऊन जायचे. कोणी दाता नाही, कोणी याचक नाही. आपल्याकडची बोहारीण तरी दुसरे काय करते? जुने द्या, भांडे घ्या. आणि तिच्याशी घासाघीस करताना कुणालाही कमीपणा वाटत नाही.

कपडा देण्याची आणखी एक तऱ्हा आहे: आपलाच कमी करणे. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेला गांधीजींनी सदरा-टोपी सोडून फक्त पंचा घेतला, कारण सामान्य माणसाला अंगभर खादी परवडत नाही हे त्यांना दिसले. १९३६ साली गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी ते आपल्या सावलीला आले होते, तेही त्याच वेषात. आणि वैनगंगेपलीकडे भामरागडच्या जंगलात, हेमलकशाला, २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथल्या माडिया माणसांच्या अंगावर पुरेसे कपडे नाहीत हे पाहून डॉ. प्रकाश आमटे बनियन आणि अर्ध्या विजारीवर राहू लागले. गाठोडे वाटण्यापेक्षा हे अवघड आहे. सर्वांना ते जमणारही नाही.

घरातल्या साखळीला खरा धक्का दिला तो नव्या धाग्याने. १९६५ च्या सुमारास ठाण्याला टेरिनचा धागा निघू लागला आणि टेरिकॉटचा सदरा खेड्यापर्यंत आला. तो फाटेचना! तीन-तीन भावांनी वापरला तरी इस्त्री टिकून. आयांना तो सोन्यासारखा वाटला. पण या धाग्याच्या कपड्याची शेवटी ना गोधडी धड होते ना लंगोट. तो पाणी शोषत नाही, पोतेरे म्हणूनही कुचकामाचा. दहा पायऱ्यांची साखळी तीन पायऱ्यांवर आली. आताचा स्वस्त तयार कपडा त्याच्याही पुढे गेला: थोरल्याच्या अंगावरच त्याच्या शिवणी उसवतात, धाकट्यापर्यंत तो पोचतच नाही. तेव्हा घेतानाच दोन मुलांचा विचार करून जाड विणीचा, आत माया सोडलेला, बटणांचा कपडा घ्यावा. आणि मुलगा-मुलगी दोघांनाही चालेल असा रंग घ्यावा. चार रुपये जास्त पडतील.

किती वाचतात, तेही सांगून टाकतो. समजा घरात तीन मुले आहेत आणि प्रत्येकाला शाळेबाहेरचे दोन जोड लागतात. जोडाला ४०० रुपये धरले तर २,४०० झाले. थोरल्याला दोन्ही नवे, बाकी दोघांना एक नवा आणि एक उतरलेला, असे केले तर चार जोडांचे १,६०० होतात. शिंप्याला आणि बटणांना १०० द्या. ७०० रुपये राहिले. तेंदूच्या हंगामात हे किती पुड्यांचे पैसे झाले, ते ज्याने पहाटे उठून पाने तोडली त्याने मोजावे. शाळेचा गणवेश आता सरकारी योजनेतून मिळतो, आणि २०२३ साली राज्य सरकारने बूट-मोजेही देण्याचे ठरवले. तेवढा भार हलका झाला. पण मूल जूनमध्ये मिळालेल्या मापात मार्चपर्यंत थांबत नाही.

अलीकडे गावाबाहेरही या देवाणघेवाणीला नवे रूप आले आहे. इराणमधील मशहद शहरात २०१५ साली एका भिंतीवर खुंट्या ठोकून लोकांनी जुने कपडे अडकवले; नको असेल ते ठेवा, हवे असेल ते न्या. २०१६ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या शहरांत ‘माणुसकीची भिंत’ म्हणून ती आली. १९९९ साली अंशू गुप्ता यांनी दिल्लीत ‘गूंज’ ही संस्था काढली. तिथे जुना कपडा दान म्हणून वाटत नाहीत. गावकरी विहीर, बांध, रस्ता असे गावचे काम करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. त्यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्या गावी भिंत नको आणि संस्थाही नको. मेअखेर तेंदूचे पैसे हाती आले, शाळा उघडायला पंधरा-वीस दिवस राहिले, की आठवडी बाजारच्या आदल्या दिवशी बचत गटाच्या बायकांनी आपापल्या मुलांचे लहान झालेले कपडे आणि वहाणा घेऊन एका ओसरीवर बसावे. अट एवढीच: कपडा धुतलेला, बटणे लावलेला, आणि प्रत्येकीने काही आणलेले. जिच्या घरी आणण्यासारखे काही नाही तिने सुई-दोरा आणावा आणि बसल्या बसल्या सर्वांच्या टिपा उसवून द्याव्यात. धाकट्याला बरोबर न्या आणि त्याचा सदरा त्यालाच निवडू द्या. दादाचा तो घेणार नाही बहुधा. शेजारच्या गावातल्या, त्याने कधी न पाहिलेल्या पोराचा घेईल.